विल्गाचा राजा

विल्गा क्रॉसिंग, क्वीन्सलँड
९ जानेवारी १८९८

बर्टी, लाडक्या,

आमच्या नव्या सार्जंटाने काल असे काही अकलेचे तारे तोडले की आज चॅपेलमध्ये प्रार्थना चालू असताना मला ते आठवलं आणि हसू आवरेना. पाद्रीबाबांनी डोळे वटारले. म्हटलं, माझ्या आमदार भावाला कळवल्याशिवाय हे पोटात राहायचं नाही.

काल क्रिकेटमध्ये आपण कार्डरॉसच्या संघाला लोळवलं. हेक्टरने सात गडी घेतले. त्यांचा तो मिशाळ कप्तान तर यष्ट्या उडाल्यावरही बॅट घेऊन तसाच उभा, जणू कुणी त्याला सांगायला यायचंय. हेक्टर आता तू इथे होतास तेव्हापेक्षाही जोरात टाकतो. चाळिशीला आला, दिवसभर घोडे शिकवतो, तरी शनिवारी अंगात काय संचारतं कोण जाणे. आणि मैदानात उतरताना नेहमीप्रमाणे गळ्यात तू दिलेली पितळी पाटी. ‘हेक्टर, विल्गा वस्तीचा राजा.’ ती बघायलाच निम्मे लोक तिकीट काढतात. खेळ सुरू झाला की तो ती काढून पंचाच्या गळ्यात अडकवतो, त्यावर आणखी एक हशा.

तर सामना झाल्यावर सार्जंट माझ्या बारमध्ये आला. किनाऱ्याकडून बदलून आलाय, इथली धूळ अजून नाकात बसायची आहे. तुम्ही लोकांनी मागच्या महिन्यात तो काळ्यांच्या संरक्षणाचा कायदा केलात ना, त्याखाली आता हा आमचा ‘संरक्षक’. मला विचारतो, “बाई, हा माणूस खरंच नदीकाठच्या काळ्यांच्या वस्तीचा राजा आहे?”

मी म्हटलं, “हो तर. आणि मी इंग्लंडची राणी. बिअर देऊ का?”

मेला हसलासुद्धा नाही. सरळ हेक्टरकडे गेला. “तुझी प्रजा किती?”

हेक्टर म्हणाला, “दहा जण आहेत, साहेब. त्यातले तिघं झेल सोडतात.”

अख्खा बार टेबलं बडवायला लागला. सार्जंट तेवढा गंभीर. माझ्या मागे लिडिया ग्लास पुसत होती, तीही नवऱ्याच्या बोलण्यावर हसली नाही. मी म्हटलं, “काय गं, दात दुखतोय का?” तर म्हणे, “मालकीणबाई, तो माणूस विनोद ऐकायला आलेला नव्हता.” लिडियाचं हे असंच, सणाच्या दिवशी सुतक शोधायचं.

तरी तू असं कर, त्या सार्जंटाला दोन ओळी लिही. त्या वेळी चषक जिंकल्यावर माझ्याच जेवणघरात टेबलावर चढून तू ती पाटी हेक्टरच्या गळ्यात घातलीस, ती गंमत होती, एवढंच सांग. कुरणांचे मालक वस्तीतल्या म्हाताऱ्यांना असल्या पाट्या वाटतात, आपण आपल्या गोलंदाजाला दिली, इतकं साधं. नव्या माणसाला इथली थट्टा कळायला वेळ लागतो.

तुझ्या बायकोला माझे आशीर्वाद. शिळं मटण खाऊ नकोस, तुझं पोट नाजूक आहे.

तुझी थोरली,
टॅमसिन

२० जानेवारी

बर्टी,

हसणं जिरलं.

आज सकाळी सार्जंट हेक्टरच्या दारात गेला आणि सांगून आला की त्याला, लिडियाला आणि छोट्या एफीला पुढच्या गुरुवारच्या गाडीने किनाऱ्याला नेणार, आणि तिथून बोटीने त्या बेटावर, जिथे सरकार काळ्यांना गोळा करून ठेवतंय. मुक्काम किती? तर कायमचा. मी ऐकलं आणि हातातली किटली चुलीवर ठेवायच्या ऐवजी हवेतच सोडली. पाय भाजला. भाजलेलंही मला दुपारी कळलं.

तशीच लंगडत ठाण्यावर गेले. सार्जंट माणूस वाईट नाही, हेच तर जास्त भयंकर. त्याने मला खुर्ची दिली, पायाला लावायला लोणी मागवलं, आणि समजावून सांगितलं. वस्तीतले मूळचे लोक या कायद्याखाली येतातच. हेक्टरसारखे अर्ध्या रक्ताचे, बाप गोरा आणि आई वस्तीतली, ते गावात आपले आपण राहत असतील तर येत नाहीत. पण वस्तीतल्या लोकांत मिसळून राहत असतील तर येतात. आणि त्यांची बायकामुलंही येतात.

“मग सुटला की!” मी म्हटलं. “हेक्टर वस्तीत एक रात्रही झोपलेला नाही. त्याचा बाप म्यूर, गुरं हाकणारा. आई बाळंतपणात गेली. आमच्या बाबांनी पोर उचलून आणलं, आमच्या तबेल्यात वाढलं. माझ्या भावाचे आणि त्याचे पाय मी एकाच घमेल्यात धुतलेत. त्याला त्या लोकांची भाषासुद्धा येत नाही. नदीवर गेला तर तिथल्या म्हाताऱ्या त्याला ‘राजा आला, तंबाखू काढ’ म्हणून चिडवतात.”

“म्हणजे त्याही त्याला राजा म्हणतात,” सार्जंट म्हणाला.

बर्टी, जे बोलावं ते उलटं पडत होतं. तो म्हणाला, “बाई, दर शनिवारी तो पाचशे लोकांसमोर ती पाटी गळ्यात घालून येतो. ती पाटी आमदारांनी दिलेली आहे. राजा आपल्या प्रजेत राहत नाही, असं मी वर कसं कळवू?”

मी तिथून थेट क्लबच्या कमिटीकडे. म्हटलं, गाव पेटून उठेल. तुला ऑलिफंट आठवतो ना, बँकेचा मॅनेजर, तो आता अध्यक्ष आहे. त्याने लगेच सगळ्यांना बोलावलं. सगळे आले, सगळे चिडले. “आपला हेक्टर? हा काय तमाशा आहे?” मला बरं वाटलं. मग ऑलिफंट उठला आणि म्हणाला, सार्जंटाला क्लबतर्फे विनंती करावी की अंतिम सामना बारा फेब्रुवारीला आहे, तोवर हेक्टरला नेऊ नये. हात वर करा. सगळे हात वर.

मी वाट बघत बसले. मला वाटलं ही पहिली मागणी, आता दुसरी येईल. ते लोक टोप्या घालायला लागले.

“आणि नंतर?” मी विचारलं.

“नंतरचं नंतर बघू, मिसेस रो,” ऑलिफंट म्हणाला. “आधी चषक.”

ही माणसं माझ्या टेबलावर जेवतात रे. हेक्टरला खांद्यावर घेऊन ही मुख्य रस्त्यावरून नाचली आहेत. मला शिव्यासुद्धा सुचल्या नाहीत, आणि तुला माहीत आहे त्या मला एरवी कमी पडत नाहीत. सार्जंटाने विनंती मान्य केली. त्यालाही क्रिकेट आवडतं.

म्हणून तुझ्या हातापाया पडते. पाटी तू दिलीस. दुसऱ्या कुणाच्या बोलण्याला किंमत नाही, तुझ्या बोलण्याला आहे. ‘ती थट्टा होती, तो कधीच वस्तीत राहिलेला नाही.’ एवढं वाक्य. तुझ्या तोंडून किंवा तुझ्या तारेने, कसंही.

टॅमसिन

३१ जानेवारी

बर्टी, माझ्या राजा,

(हा शब्द आता लिहवत नाही, पण सवय.)

तुझी तार मिळाली. ‘अंतिम सामन्याला येतोय. काळजी नसावी.’ मी पोस्टातच खाली बसले आणि ढसाढसा रडले. पोस्टमास्तरला वाटलं कुणी गेलं.

तुझं मागच्या वर्षीचं भाषण आठवून मी उगीच धसका घेतला होता. तेच ते, विधानसभेत या कायद्यावर बोलताना तू ठोकून दिलेलं: ‘या लोकांना मी ओळखतो. माझ्या भागातल्या वस्तीच्या राजाला मी स्वतःच्या हाताने राज्याभिषेक केलाय. तो माझा शब्द झेलतो आणि वस्ती त्याचा.’ वर्तमानपत्र आलं तेव्हा बारमध्ये मोठ्याने वाचून आम्ही लोटपोट झालो होतो, हेक्टरसकट. “कॅप्टनने विधानसभेत नो-बॉल टाकला आणि पंच झोपलेले,” असं तो म्हणाला होता; तू संघ सोडलास तरी त्याच्यासाठी अजून कॅप्टनच. या दोन आठवड्यांत मात्र तेच भाषण रात्रंदिवस कानात वाजत होतं. आता नाही. तू येतोयस म्हणजे झालं.

लिडियाला सांगायला धावले. ती इस्त्री करत होती, तिने इस्त्री थांबवलीसुद्धा नाही. म्हणाली, “साहेब सामन्यासाठी येतायत की आमच्यासाठी?”

“दोन्हीसाठी.”

“मग आधी कशाचं बोलतात ते बघू.”

मी तिच्यावर खेकसले. माझा भाऊ आहे तो, म्हटलं, तुझ्या नवऱ्याबरोबर वाढलेला. ती म्हणाली, “हो, मालकीणबाई.” तिचं ‘हो’ ऐकलं की नको वाटतं.

आणखी एक सांगते. परवा गुरं घेऊन पश्चिमेकडे निघालेली माणसं इथे उतरली होती. हेक्टरला म्हणाली, चल आमच्याबरोबर, बायको-पोर घे, सरहद्दीपलीकडे हा कायदा नाही. हेक्टर मला विचारायला आला. टोपी हातात, दारातच उभा. मी म्हटलं, “वेडा आहेस का? बर्टी येतोय. पळालास तर उलट खरं वाटेल त्यांना.” तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, “कॅप्टन येतायत तर थांबतो.” ती माणसं काल पहाटे गेली.

तेव्हा ये. तुझी जुनी खोली झाडून ठेवली आहे.

टॅमसिन

१४ फेब्रुवारी

हर्बर्ट,

परवा क्लबच्या तंबूत तू जे बोललास ते मी खाली जसंच्या तसं लिहिते. मी माझ्या कानांनी ऐकलं, दोन दिवस झाले, तरी माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. एक अक्षर जरी चुकलं असेल तर तारेने कळव. मी गुडघ्यावर बसून तुझी माफी मागेन.

हेक्टरने शेवटचा गडी बाद केला. लोक कुंपण मोडून आत घुसले. तुम्ही सगळे तंबूत आलात, तू, ऑलिफंट, ब्रिस्बेनहून तुझ्याबरोबर आलेला तो पत्रकार, आणि मागून हेक्टर, घामाने निथळत. मी चहा ओतत होते. सार्जंट पुढे आला, टोपी काढली आणि अगदी अदबीने म्हणाला, “साहेब, एवढंच विचारायचंय. ही पाटी आपण दिलीत?”

तू म्हणालास, “अर्थात मीच.”

“गावातले काही लोक म्हणतात की ती थट्टा होती.”

मी किटली खाली ठेवली. आता, म्हटलं. आता बोल, बाळा.

तू त्या पत्रकाराकडे बघितलंस. मग हसलास, हेक्टरच्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, “थट्टा? मी याला माझ्या हाताने राजा केलाय, सार्जंट. याची वस्ती याला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही.”

हेक्टर तुझ्याकडे बघत राहिला. मोठ्याने नाही, अगदी तू लहानपणी पडून रडायचास तेव्हा तुझ्याशी बोलायचा ना, तसा बोलला. “कॅप्टन, माझी वस्ती म्हणजे तुमचा तबेला. तुम्हाला माहीत आहे.”

आणि तू म्हणालास, “टॅमसिन, चहा आहे का?”

हे खरं आहे? सांग ना. हे असंच झालं ना? कारण मी तुला चहा दिला, हर्बर्ट. माझ्या हाताने दिला, दोन चमचे साखर घालून. माझं डोकं बधिर झालं होतं आणि हात आपलं काम करत होते. त्याचीच मला जास्त शिसारी येते.

स्टेशनवर मी तुझा कोट धरला तेव्हा तू काय म्हणालास तेही लिहिते. म्हणालास, “ताई, समजून घे. माझं ते भाषण सरकारी छापात आहे. सरकार मला नव्या खात्याचं मंत्रिपद देतंय, ते त्याच भाषणाच्या जोरावर. आता ती थट्टा होती म्हटलं तर सभागृहात मी खोटं बोललो असं होईल.”

मी म्हटलं, “बोललास की!”

म्हणालास, “बेटावर वाईट नसतं. मासे भरपूर.”

मासे! हेक्टरला माशाचा वाससुद्धा सहन होत नाही, लहानपणापासून. तुला हे माहीत आहे. तू त्याच्या बुटात मासोळी टाकायचास.

गाडी सुटली. तू खिडकीतून हात हलवलास. लोकांनी टोप्या उडवल्या.

काल रविवार असूनही मी गावभर दारोदार फिरले. एक निवेदन हवं होतं, हेक्टर गावातला माणूस आहे, एवढंच. न्हाव्याने दार उघडून परत लावलं. पाद्रीबाबा म्हणाले, राज्यकर्त्यांचा मान राखावा असं शास्त्रात आहे. ऑलिफंट तर चषकाला पॉलिश करत बसला होता. “आमदारांनी स्वतः सांगितल्यावर आम्ही कोण, मिसेस रो? बहिणीनेच भावाला खोटं पाडायचं, शोभतं का?” सगळ्यांना ठाऊक आहे. एकूण एकाला ठाऊक आहे, त्या रात्री सगळे माझ्याच जेवणघरात होते! मी एकटीच वेडी आहे की काय, असं वाटायला लागलंय मला. गाव तेच, माणसं तीच, आणि मला एकाचाही चेहरा ओळखीचा वाटत नाही. तुझा तर मुळीच नाही.

हेक्टरला मीच थांबवलं. त्या गुराख्यांबरोबर तो आज सरहद्दीपार असता. त्याने मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

आज दुपारी लिडिया माझ्या खोलीत आली आणि दाराला कडी घातली. इतक्या वर्षांत तिने माझ्या खोलीत कधी खुर्ची ओढली नव्हती, आज ओढली, बसली. म्हणाली, “मालकीणबाई, आमचं दोघांचं झालं. एफीचं अजून व्हायचंय. मी एक मागणार आहे. ऐकल्यावर तुम्ही मला हाकलून द्याल.”

तिने मागितलं. मी हाकलून दिलं. मग जिन्यावरून मागे बोलावलं.

काय मागितलं ते आज लिहीत नाही.

टॅमसिन

१८ फेब्रुवारी

हर्बर्ट,

लक्ष देऊन वाच. उद्याच्या अंकात छापून येईलच, पण तुला घरच्या माणसाकडून कळावं.

बुधवारी मॅजिस्ट्रेटसमोर एफीचं प्रकरण निघालं. मी काढायला लावलं. मॅजिस्ट्रेट म्हणजे आपले म्हातारे फेनविक, बाबांचे मित्र, ऐकायला कमी येतं म्हणून पितळी भोंगा कानाला लावून बसतात. मी बायबलवर हात ठेवला. तुला माहीत आहे, मी उभ्या जन्मात पत्त्यांना हात लावलेला नाही, नवऱ्याच्या आजारपणातसुद्धा चॅपेलचा रविवार मोडला नाही.

फेनविकनी विचारलं, “या मुलीबद्दल तुम्हाला काय सांगायचंय?”

मी म्हटलं, “ती हेक्टर म्यूरची नाही.”

“मग कुणाची?”

“माझ्या भावाची. हर्बर्ट पॅस्कोची.”

त्यांनी भोंगा काढला, पुसला, परत लावला. “पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं, भोंग्यात तोंड घालून, की रस्त्यावरच्या घोड्यांनाही ऐकू जावं.

ऑलिफंटचं तोंड असं उघडं पडलं की आत पाव गेला असता. सार्जंट लाल झाला, मग पांढरा. फेनविकनी लिडियाला विचारलं, खरं का? ती सरळ उभी राहिली, मान वर, आणि म्हणाली, “हो. साहेब तेव्हा मालकीणबाईंकडेच राहत होते. मी त्यांची खोली झाडायचे.” खोली झाडायची हे तर खरंच होतं. एफी रंगाने उजळ आहे, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. बाकीचं त्यांच्या मनांनी भरून काढलं. ती थट्टा होती हे खरं सांगायला एक माणूस पुढे येत नव्हता, आणि या खोट्याला अख्खं गाव दुपारपर्यंत साक्षीदार झालं! पोस्टमास्तर तर शपथेवर सांगायला तयार आहे की त्याला पहिल्यापासून संशय होता.

ही कल्पना माझी नाही, लिडियाची. माझ्या डोक्यात असलं काही शिरलं नसतं, मी त्या सोमवारी कानांवर हात ठेवले होते. ती म्हणाली, “गोऱ्याची पोर गोऱ्याच्या घरात राहिली तर कायदा तिला शिवत नाही. माझी अब्रू त्या बेटावर घेऊन मी काय करू, लोणचं घालू?”

“आणि हेक्टर?” मी म्हटलं. “त्याने कसं ऐकायचं हे, भर कोर्टात?”

हेक्टर जिन्याखालीच उभा होता. वर आला. मग म्हणाला, “नाव त्याचं घ्या. पोर माझीच राहील.” आणि खाली जाऊन माझ्या सगळ्या घोड्यांचे नाल तपासत बसला, कारण गुरुवारनंतर ते कोण बघणार.

कोर्टात तो लिडियाशेजारी उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. त्या वेळी मला त्याच्याकडे बघवलं नाही, म्हणून मी तुझं नाव आणखी मोठ्याने घेतलं.

फेनविकनी हुकूम दिला, मुलगी माझ्याकडे राहील. बाकी दोघांचं आधीच ठरलेलं.

काल गाडी सुटली. क्लबवाले आले होते, बँड घेऊन! हेक्टरसाठी तीनदा जयजयकार केला, टोप्या उंचावून. मी म्हटलं ही माणसं आहेत की काय आहेत? ऑलिफंटच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. हेक्टर त्यांच्याकडे न बघता डब्यात चढला. लिडियाने एफीला खाली ठेवलं, तिचा फ्रॉक नीट केला, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “यांना आता आत्या म्हणायचं. म्हण.”

पोर म्हणेना. म्हणे, “या तर मालकीणबाई.”

“आत्या म्हण,” लिडिया म्हणाली, “मग मी जाते.”

एवढी हुशार बाई, पण तिथे चुकली. मग एफीने काही केल्या तो शब्द उच्चारला नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहिली. शेवटी शिट्टी झाली आणि सार्जंटाने लिडियाचा दंड धरला. गाडी वळणाआड गेल्यावर पोरगी माझा झगा ओढून भराभर म्हणायला लागली, “आत्या, आत्या, आत्या, म्हटलं, आता आईला बोलवा.”

हे मी तुला लिहितेय कारण हे तू ऐकलंच पाहिजेस.

आता तुझं. तू म्हणशील टॅमसिन खोटं बोलली. खुशाल म्हण. तुझी बायको विचारेल, सरकार विचारेल, तो पत्रकार तर विचारीलच. सख्ख्या बहिणीने बायबलवर हात ठेवून सांगितल्यावर तुझ्या ‘नाही’ला किती किंमत येते ते बघ. हेच पत्र कोर्टात दाखवायचं असेल तर दाखव, माझी सही आहे खाली. पण मग सगळं दाखवावं लागेल, पाटीसुद्धा, तंबूतला चहासुद्धा.

आणि दुसरी वाट उघडी आहे. ज्या दिवशी तू सभागृहात उभा राहशील आणि म्हणशील, हेक्टर म्यूर कधीच कुठल्या वस्तीचा राजा नव्हता, मी थट्टा केली आणि नंतर ती खरी म्हणून विकली, त्याच दिवशी मी फेनविकच्या भोंग्यात जाऊन सांगेन की मी खोटी शपथ घेतली. तुरुंगात टाकतील. टाकू देत. तिथे तरी ऑलिफंट जेवायला येणार नाही.

तुझा राग नाही येत, हर्बर्ट, हेच नवल आहे. रागासाठी माणूस ओळखीचा लागतो. मी नुसती आ वासून बसले आहे. तुला दोन्ही हातांनी भरवलं, त्या हातांकडे बघत.

एफी आत्ता शेजारी बसली आहे. सकाळपासून एकच धोशा, बाबा कधी येणार. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिचा कुठला बाबा आधी येतो ते तुझ्यावर आहे.

एफीची आत्या,
टॅमसिन रो